लिस्बनला येताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लिस्बनमध्ये राहायला येऊन मला सहा वर्षे झाली. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी येते: मावसभाऊ, शाळेतली मैत्रीण, सोसायटीतल्या काकूंचा जावई. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. तीच उत्तरे प्रत्येकाला व्हॉइस मेसेजवर सांगून घसा बसला, म्हणून सगळे एकदा लिहून ठेवते आहे.

पॅरिस, रोम अजून बघायचे आहे. मग आधी लिस्बनच का?

आधी यायलाच हवे असे नाही. पण पॅरिसमध्ये तुम्ही पाहुणे असता. इथे आपला जुना हिशेब आहे. किल्ल्या करून देणाऱ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेले ‘शाव्श’ वाचले की कळते, ही आपली चावी. बँकेच्या नोटिशीत ‘लेलाऊं’ दिसले की लिलाव. बाल्द म्हणजे बादली, गामेला म्हणजे घमेले, पिपा म्हणजे पिंप, फीता म्हणजे फीत. आपला तुरुंगसुद्धा त्यांच्या ‘त्रोंकु’वरून आला म्हणतात. साडेचारशे वर्षे ज्यांनी गोव्यावर राज्य केले आणि वसई जवळजवळ दोनशे वर्षे हाताखाली ठेवली, त्यांचे घर कसे दिसते ते बघायला या. बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवा एवढेच.

किती दिवस आणि कोणत्या महिन्यात?

शहराला चार दिवस, जवळच्या सिंत्रा गावाला एक. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नागपूरइतके नसते, पण गर्दी पंढरपूरइतकी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस, आणि घरांत हीटिंग यथातथाच, त्यामुळे बाहेरपेक्षा घरात जास्त थंडी वाजते. स्वेटर आणा.

व्हिसा आणि विमान?

शेंगेन व्हिसा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. मुंबईहून आखाती देश, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या विमानतळावर बदलून या. लिस्बनच्या विमानतळावरूनच मेट्रो मिळते, टॅक्सीच्या रांगेत उभे राहू नका. हॉटेलात दर रात्री दर माणशी थोडा पर्यटन करही भरावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. उन्हाळ्यात इथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. घरी फोन करताना ध्यानात ठेवा.

आईबाबांचे गुडघे दुखतात. त्यांना आणू का?

आणा, पण खरे काय ते त्यांना आधी सांगा. हे शहर सात टेकड्यांवर वसले आहे आणि फुटपाथ पांढऱ्या-काळ्या दगडांच्या छोट्या छोट्या चौकोनी तुकड्यांचे आहेत. दिसायला रांगोळी, पाऊस पडला की साबण. माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी कोल्हापुरी घालून रोसिउ चौकात पाय ठेवला आणि पुढचे दोन दिवस ते बाकावर बसून कबुतरे मोजत होते. रबरी तळव्याचे बूट हवेत, बाकी कशाला पर्याय नाही.

चढ चुकवायला सांता जुस्ता लिफ्ट आहे. १९०२ सालची, लोखंडी, ४५ मीटर उंच. रांग लांब असते. कार्मु चौकाच्या बाजूने वर पोचलात तर तिच्या वरच्या पुलावर चालत जाता येते आणि शहर तेवढेच दिसते. उतारावरून दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या पिवळ्या गाड्यांबद्दलही बरेच जण विचारतात. त्यांतली ग्लोरिया ही १८८५ पासूनची गाडी ३ सप्टेंबर २०२५ रोजी घसरून कोसळली आणि १६ माणसे गेली. त्यानंतर या प्रकारच्या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या. कोणती चालू आहे ते येण्याआधी बघून घ्या.

अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसलेच पाहिजे का?

बसा, पण सकाळी आठच्या आत, आणि मार्तिं मोनीश या पहिल्या थांब्यावरून. दहानंतर ती ट्राम राहत नाही, विरार लोकल होते, फरक इतकाच की इथे गर्दीत उभे असलेल्यांतले दोघे-तिघे धंद्यावर असतात. पाकीट पुढच्या खिशात, सॅक पोटावर. ट्राम मात्र खरोखर जुन्या घडणीची आहे. आल्फामा या जुन्या वस्तीतल्या गल्लीत वळताना खिडकीतून हात काढला तर भिंतीला लागेल इतकी जागा. काढू नका.

बेलेम या नदीकाठच्या भागात नेमके काय बघायचे? सगळे एकसारखेच वाटते.

काइश दु सोद्रे स्थानकावरून लोकलने या. सोमवारी नको, मठ बंद असतो.

आधी जेरोनिमुश मठ. राजा मानुएलने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधायला घेतला. पैसा कुठून आला, तर आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर लावलेल्या पाच टक्के करातून. म्हणजे खांबांवर कोरलेले हे दोरखंड, पोवळी आणि वेली आपल्याकडच्याही व्यापाराच्या पैशातून उभ्या राहिल्या. आत शिरल्यावर लगेच वास्को द गामाची कबर लागते. तो १५२४ साली कोचीला वारला, तिथेच पुरला गेला, मग पोर्तुगालला नेला आणि १८८० साली इथे ठेवला. त्याच्या समोर कवी कामोंइश. अंगण न बघता निघू नका. दोन मजली कमानी, आणि दुपारी चारनंतर दगडाला येणारा मधासारखा रंग.

मग नदीकाठी बुरूज. १५१४ साली सुरू झालेला. लोक समोरून फोटो काढतात आणि जातात. तुम्ही नदीच्या बाजूला, वायव्येच्या छोट्या मनोऱ्याखाली मान वर करून बघा. तिथे दगडात एक गेंड्याचे डोके आहे. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसाने झिजून ते आता एखाद्या थकलेल्या म्हशीसारखे दिसते, पण गेंडाच आहे आणि आपल्याकडचा आहे. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने किल्ल्याला नकार दिला आणि समजूत काढायला गेंडा पाठवला. तो गोव्यामार्गे जहाजावर चढला आणि चार महिन्यांनी, २० मे १५१५ रोजी, लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात पोचलेला हा पहिला जिवंत गेंडा. इथले लोक त्याला ‘गांदा’ म्हणत, आपलाच शब्द. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळून गेला. पुढे राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीजवळ जहाज बुडाले. साखळदंडाने बांधलेला, म्हणून पोहता आले नाही. जर्मनीत चित्रकार ड्यूररने गेंडा न पाहता, आलेल्या पत्रावरून आणि रेखाटनावरून, त्याचे जे चित्र कोरले ते पुढची दोनेकशे वर्षे युरोपभर गेंडा म्हणून चालले. पाठीवर एक जादा शिंग असलेले.

बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता. तो बंद असला तरी फार वाईट वाटून घेऊ नका. आत अरुंद जिना आणि रांग, बस्स. गेंडा बाहेरूनच दिसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जहाजाच्या नाळेसारखे प्रचंड स्मारक, ज्यावर दर्यावर्दी रांगेत उभे आहेत. ते जुने वाटते, पण आजचे काँक्रीटचे रूप १९६० चे, सालाझारच्या हुकूमशाहीतले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा त्यांच्या हातून गेला. मला या जागेची गंमत वाटते ती एवढ्यासाठीच.

शहर इतके जुने, मग मधला भाग पट्टीने आखल्यासारखा कसा?

कारण तो खरोखरच पट्टीने आखला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या. तेव्हा भूकंप झाला. लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले आणि थोड्या वेळात समुद्र आत आला. जे उरले ते आगीत गेले, आग कित्येक दिवस धुमसत होती. राजा जुझे इतका हबकला की पुढे दगडी छपराखाली राहिलाच नाही, आजुदाच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी वाड्यात दरबार भरवत असे. कारभार त्याचा मंत्री मार्केश द पोंबाल याने हातात घेतला. नवी बायशा वस्ती सरळ रस्त्यांची झाली आणि घरांच्या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवला गेला, म्हणजे पुन्हा जमीन हलली तर दगड पडेल पण सांगाडा उभा राहील. सांगतात की नमुन्याचा पिंजरा उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले आणि टिकतो का ते पाहिले.

हे डोळ्यांनी बघायचे तर कार्मुचा मठ बघा. छप्पर गेलेले चर्च तसेच ठेवले आहे. कमानींच्या बरगड्या आणि वर थेट आभाळ. शहर भूकंपाआधी कसे होते ते बघायचे असेल तर आझुलेजु संग्रहालयात निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेले लिस्बनचे चित्र आहे, सुमारे २३ मीटर लांब. त्यातला बराचसा भाग आता अस्तित्वात नाही. माझ्या मते या शहरातली सगळ्यांत मोलाची वस्तू तीच, आणि बरेच पाहुणे ती बघतच नाहीत, कारण ते संग्रहालय ट्रामच्या वाटेवर नाही.

गोव्याबद्दल इथले लोक काय बोलतात? अवघडल्यासारखे होत नाही का?

होते कधीकधी. सामान्य माणूस प्रेमाने बोलतो: कोणाचे आजोबा पणजीला नोकरीला होते, कोणाला शाकुती आवडते. ‘आम्ही तुम्हाला भेटायला आलो’ असा सूर असतो. इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे, नाव निघाले की विषय बदलतो. रोसिउ चौकात आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे इन्क्विझिशनचा वाडा होता. शेजारच्या साऊं दोमिंगुश चर्चसमोर १५०६ सालच्या ज्यूंच्या कत्तलीचे स्मारक आहे. गोव्यात १५६० साली जे सुरू झाले त्याची मुळे या दोन-तीनशे पावलांत सापडतात.

दुसरी जागा म्हणजे कॅथेड्रलजवळचे आल्जुबे संग्रहालय. सालाझारच्या काळात हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आतल्या कोठड्या इतक्या लहान की हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. इथे उभे राहिल्यावर मोहन रानडे आठवतात. सांगलीचा तरुण, गोव्यात मराठी शिकवायला गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला, १९५५ मध्ये पकडला गेला. २६ वर्षांची शिक्षा. त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवले होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि हे मात्र आत. सुधीर फडक्यांसह अनेकांनी सुटकेसाठी खटपट केली, तेव्हा १९६९ च्या जानेवारीत ते बाहेर आले. तुम्ही काश्काइशला समुद्रावर जायला लोकल पकडाल तेव्हा काशियश स्थानक लागेल. गाडी मिनिटभर थांबते. डावीकडे निळेशार पाणी, सगळे तिकडेच बघत असतात.

हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ ला कोसळली, सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशन खोवली. शेवटचा पंतप्रधान काएतानु कार्मु चौकातल्या बराकीत शरण आला. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. म्हणजे हे लोक मोकळे झाले तेव्हा कुठे तो कागद निघाला. आणि पुढे २०१५ मध्ये मूळ मडगावच्या घराण्यातला माणूस, आंतोनियु कोश्ता, याच देशाचा पंतप्रधान झाला. त्याआधी तो लिस्बनचा महापौर होता. घरचे लाडाचे नाव बाबुश, हे गोवेकरांना सांगायला नको.

मराठ्यांच्या इतिहासाचे काही बघायला मिळते का?

पर्यटकाला दिसेल असे फारसे नाही, अभ्यासकाला पुष्कळ. विद्यापीठाजवळ तोर्रे दु तोंबु हा राष्ट्रीय दप्तरखाना आहे. गोवा आणि लिस्बन यांच्यात मोसमी वाऱ्यांबरोबर जहाजे जात, त्यांतून जी पत्रे गेली-आली त्यांची बाडे काही पणजीत आहेत, काही इथे. शिवाजी महाराजांचे कॉस्मे द गार्द याने पोर्तुगीजमध्ये लिहिलेले चरित्र १७३० साली लिस्बनमध्येच छापले गेले. त्यानंतर नऊच वर्षांत चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तो भाग अर्थात त्यात नाही.

घारापुरीचा शिलालेखही इकडेच आला म्हणायचा. लेण्यांच्या दाराशी असलेला दगड पोर्तुगीजांनी काढून राजाकडे पाठवला, इथे तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे गहाळ झाला, असे पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतुने लिहून ठेवले आहे. संग्रहालयांत कोपऱ्यातला एखादा अनोळखी काळा दगड दिसला की मी अजूनही वाकून बघते.

फादो, म्हणजे इथले पारंपरिक गाणे, ऐकायला कुठे जावे? कळेल का?

शब्द कळले नाहीत तरी चालते, आधी गप्प बसता आले पाहिजे. आल्फामा किंवा मोरारियातल्या छोट्या खानावळीत जा, जिथे वीसेक टेबले आहेत आणि माइक नाही. मोठ्या जेवणासह ‘शो’ विकणारी ठिकाणे टाळा. दिवे मंद करतात, बारा तारांची पोर्तुगीज गिटार सुरू होते, आणि गाणारी बाई शाल सावरून डोळे मिटते. त्या क्षणापासून वाढपीसुद्धा जागच्या जागी थांबतो. आमच्याबरोबरच्या एका पाहुण्यांनी नेमक्या तेव्हा व्हिडिओ कॉल लावून ‘हे बघ गं’ म्हटले. गायिका थांबली. तिने काही म्हटले नाही, नुसते बघितले. असे बघणे मी फक्त माझ्या गाण्याच्या बाईंचे पाहिले होते.

आमालिया रोद्रिगेश ही इथली सर्वांत मोठी गायिका, तिला राष्ट्रीय स्मृतिमंदिरात जागा मिळाली आहे. ती इमारत, सांता एंग्रासिया, १६८२ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. म्हणून कधीच न संपणाऱ्या कामाला इथे ‘सांता एंग्रासियाचे बांधकाम’ म्हणतात. कोकणात गाडीने जाणाऱ्यांना हा वाक्प्रचार शिकवण्याची गरज पडू नये.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

राहणार नाही, पण ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही. ‘सें कार्ने, सें पेइश’ म्हणजे मांस नको, मासे नको, असे दोन्ही सांगा. काल्दु वेर्द हे हिरव्या पाल्याचे आणि बटाट्याचे सूप निर्दोष दिसते आणि तळाशी सॉसेजची चकती असते. कॅफेत काचेआड ‘शामुसा’ दिसेल. तो आपलाच सामोसा, गोवा-मोझांबिककडून आलेला, पण बहुतेक वेळा आत खिमा. विचारून घ्या.

लुमियारमध्ये हिंदू समाजाचे राधाकृष्ण मंदिर आहे, मुख्यतः मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभारलेले. तिथल्या भोजनगृहात शाकाहारी थाळी मिळते. मार्तिं मोनीशच्या आसपास मसाले, कढीपत्ता, तुरडाळ सगळे मिळते, त्यामुळे घरून मसाल्याची पाकिटे भरून आणू नका. मेतकूट मात्र आणा, आणि थोडे माझ्यासाठीही.

न मागता ब्रेड आणि ऑलिव्ह आणून ठेवतात. फुकट असते ना?

नसते. खाल्ले तर बिलात येते, हात लावला नाही तर येत नाही. ही फसवणूक नाही, इथली रीतच आहे. नको असेल तर हसून परत पाठवा.

पास्तेल द नाता (अंड्याच्या सारणाची छोटी गोड पेस्ट्री) कुठला चांगला?

यावर इथे घरात भांडणे होतात. बेलेमचे प्रसिद्ध दुकान १८३७ पासूनचे, आणि ‘पास्तेल द बेलेम’ हे नाव फक्त त्यांचे. बाकी सगळे नाता. गोष्ट अशी सांगतात की मठातली माणसे कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा वापरत, पिवळा उरे, त्याचे हे गोड झाले. अंडे असतेच, बिनअंड्याचा शोधू नका. खायची पद्धत: गरम, वर दालचिनीची पूड, उभ्याउभ्या काउंटरपाशी. वरचा काळा डाग म्हणजे करपले नाही, तसाच हवा. कवच चावताना कुरकुर वाजले पाहिजे. न वाजणारा फ्रीजमधला असतो.

इंग्रजी चालते का?

चालते. ‘बों दिया’ म्हणून सुरुवात केली की जास्त चांगली चालते. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’, बाईने ‘ओब्रिगादा’. स्पॅनिशमध्ये बोलू नका, समजते पण आवडत नाही.

बायशात एक माणूस कानाशी येऊन काहीतरी पुटपुटला. काय होते ते?

गांजा-चरस विकत होता, बहुधा तेही खोटेच, तमालपत्राचा दाबलेला चुरा. ‘नाऊं’ म्हणा आणि चालू लागा.

जूनमधला सण काय असतो?

१२ जूनची रात्र, संत आंतोनी. गोव्यातले सांत आंतोन ते हेच, जन्म मात्र लिस्बनचा. त्या रात्री आल्फामात दारोदारी सार्डिन भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात आणि केसांचा वास दोन दिवस जात नाही. माशांच्या वासाचा त्रास होत असेल तर त्या रात्री दुसरीकडे राहा. पण आदल्या दिवशी ‘मांजेरीकु’ची कुंडी जरूर बघा. आपल्या तुळस-सब्जाच्या कुळातले बारीक पानांचे गोल झुडूप, त्यात कागदी फूल आणि चिठ्ठीवर चार ओळींची कविता. प्रियकराने प्रेयसीला द्यायचे. थेट नाक लावून वास घेतला तर रोप मरते असे मानतात, म्हणून वरून हलका हात फिरवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. माझ्या आईने हे ऐकले, कुंडी खिडकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तिला पाणी घातले. झुडूप सप्टेंबरपर्यंत टिकले. शेजारीण म्हणाली, तिचे कधीच टिकत नाही.